आठवण तुटते तेव्हा

इतिहास शिकवणाऱ्याच्या तोंडी एक प्रश्न सतत असतो : कधी? पुरंदरचा तह कधी झाला? भोर संस्थान कधी विलीन झाले? मुलांनी बिनचूक सन सांगितले की आम्ही खूश, सन चुकले की गुण कापले. बी.एड.च्या वर्गात आम्हाला काळरेषा काढायला शिकवले होते. फळ्यावर एक आडवी सरळ रेघ, तिच्यावर ठिपके आणि ठिपक्यांखाली साल. भोर तालुक्यात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना ही रेघ आम्ही किती वेळा काढली असेल, त्याची मोजदाद नाही. मात्र ज्यांच्या आयुष्याची रेघ अशी सरळ निघतच नाही, त्यांचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. तो दोघींमुळे पडला. एक आमच्या वर्गातली मुलगी आणि दुसरी आमची नानी.

आधी मुलीचे सांगतो. तिचे नाव, गाव आणि इयत्ता सांगणार नाही. ती मध्येच शाळेत आली, आपल्या खालाच्या घरी राहायला आली होती. अक्षर सुरेख, वागणे शांत. पण तास चालू असताना ती मध्येच 'नाहीशी' व्हायची. डोळे उघडे, वही समोर, हातात पेन आणि हाक मारली तरी उत्तर नाही. एकदा मागच्या बाकावर कोणीतरी बाक जोराने आपटले. सगळा वर्ग दचकला. ही मात्र दचकली नाही, उलट अगदी निश्चल झाली. पाच-सात मिनिटांनी भानावर आल्यावर आम्ही रागाने विचारले, "कुठे होतीस?" ती म्हणाली, "मैं तो यहींच थी, टीचर." घटक चाचणीत तिने एका धड्याची सुरुवात लिहिली, शेवट लिहिला, मधला भाग सपशेल कोरा. आम्ही प्रगतिपुस्तकावर शेरा मारला : 'अभ्यासात लक्ष नाही. खोटे बोलण्याची सवय आहे.' तो शेरा आमच्याच अक्षरात आहे. आज तो खोडता येत नाही.

आता नानीचे. नानी वेल्ह्याकडची. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, पण आमच्या घरात अजून 'वेल्ह्याकडे' असाच शब्द आहे. तिचे सासरचे गाव पानशेतच्या पाण्याखाली गेले. नानीला धड उर्दू येत नव्हती, ती मावळी मराठी बोलायची. आम्हा नातवंडांना ती गोष्ट सांगायची ती एवढीच : "पानी आलं, पानी गेलं. पुन्यांदा पानी आलं." मध्ये काय झाले, असे विचारले की तांदूळ निवडणारे तिचे हात चालूच राहायचे, नजर मात्र कुठेतरी लागायची. मग थोड्या वेळाने, "मंग काय न्हाई बाळा," एवढेच. आम्ही पोरे हसायचो. गाव दोनदा कसे बुडेल?

आम्ही नववीत असताना घरात वाटणीचा वाद निघाला. बुडालेल्या जमिनीची भरपाई नानाने कधी घेतली, नानीचा अंगठा त्या कागदावर होता की नव्हता, असा मुद्दा होता. जमातीतली चार वडीलधारी माणसे बसली. नानीला विचारले, "कधी दिला अंगठा?" पहिल्यांदा ती म्हणाली, दिला होता. दुसऱ्यांदा म्हणाली, आपण कचेरीत गेलोच नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, त्या वेळी मी माहेरी होते. तीन वेळा तीन उत्तरे. बैठक तिथेच संपली. "बाई खोटं बोलते," असा निकाल झाला आणि तिच्या नावाने मागितलेला वाटा गेला. नानीने तक्रार केली नाही. २००९ साली ती गेली. तोवर घरात 'नानीची गोष्ट' म्हणजे थाप, असा वाक्प्रचारच रूढ झाला होता.

पुढे शिक्षक झाल्यावर परिसर-इतिहासाचा प्रकल्प मुलांकडून करून घेताना आम्ही पानशेतबद्दल वाचायला बसलो. आंबी नदीवरचे हे मातीचे धरण. काम पुरते संपलेले नसताना १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरण्याची शर्थ केली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ वाहून गेला. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला, त्यांनी आत्महत्या केल्यावर काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. हा भाग पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. पण आमचे बोट एका साध्या गोष्टीवर थांबले. धरण फुटले म्हणजे वरचा तलाव रिकामा झाला. धरण पुन्हा बांधून पुरे व्हायला १९७२ साल उजाडले. म्हणजे वरच्या गावांच्या शिवारात पाणी आले, गेले आणि पुन्हा आले. नानीने सांगितले होते ते अक्षरशः तसेच घडले होते. चुकत होतो ते आम्ही.

मधल्या अकरा वर्षांबद्दल मग आम्ही आमच्या थोरल्या खालाला विचारले. तिने सांगितले ते थोडक्यात असे : गाव सुटल्यावर नानाचे डोके ठिकाणावर नव्हते. मार रोजचा होता. कधी कधी दोन-दोन दिवस खोलीला बाहेरून कडी असायची. त्या काळात दोन मुले गेली. पाणी उतरल्यावर लोक गाळात शेती करायला खाली जायचे, नानीही जायची. एकदा ती बांधावर दिवसभर उभी राहिली होती, हलवले तरी हलेना. बायका म्हणाल्या, हवा लागली. नानीला यातले काही आठवत नव्हते. पाणी आठवत होते.

वाचकहो, या लेखाचा विषय आमच्या घरचे दुःख नाही. अशा तुटलेल्या आठवणीला माणसांनी आजवर काय म्हटले, तिचे काय केले, त्याचा हा थोडक्यात इतिहास आहे. 'खोटे' हा शब्द आपण किती सहज वापरतो, ते तो वाचताना कळते.

सुरुवात आपल्याच परंपरेतून करतो, कारण तिथे एक गोष्ट आहे जी आपण विसरलो आहोत. हदीसची पारख करणाऱ्या विद्वानांनी अस्माउर्रिजाल नावाचे शास्त्र उभे केले. हजारो रावींची माहिती गोळा केली. कोण सच्चा, कोण खोटा, कोणाची स्मृती पक्की, कोणाची कच्ची, हे लिहून ठेवले. त्यात त्यांनी एक वेगळा वर्ग केला : ज्यांना 'इख्तिलात' झाला, म्हणजे ज्यांच्या आठवणीत सरमिसळ झाली. वार्धक्याने झाली असेल, आजाराने किंवा एखाद्या आघाताने. कूफ्याचे अब्दुर्रहमान अल्-मसऊदी हे त्यांतले एक. हिजरी १६० म्हणजे इसवी सन ७७६ च्या सुमारास ते वारले. त्यांच्याबद्दल नोंद आहे की त्यांचा मुलगा वारला होता, लोक सांत्वनाला बसले होते. तेवढ्यात एकाने येऊन सांगितले की तुमचा गुलाम तुमचे दहा हजार घेऊन पळाला. ते घाबरून उठले, घरात गेले आणि बाहेर आले ते स्मृती विस्कटूनच. मिसरचे काझी इब्न लहीआ यांचे ग्रंथ आगीत जळाले, त्यानंतरच्या त्यांच्या कथनांबद्दलही असेच म्हटले गेले.

विद्वानांनी यांना झूठा म्हटले नाही. खोटारड्या रावीसाठी त्यांच्याकडे वेगळा, फार कठोर शब्द होता. यांच्याबाबत त्यांनी काळ वेगळा केला. आघाताआधी कोणी ऐकले, नंतर कोणी ऐकले, हे तपासले. आधीचे घेतले, नंतरचे जपून पारखले. माणसाची अब्रू शाबूत ठेवून त्याच्या शब्दाची पारख करता येते, हे बाराशे वर्षांपूर्वी ठाऊक असलेल्या समाजाचे आपण वारस. आणि आमच्या घरच्या बैठकीला एका म्हातारीचा निकाल लावायला तीन प्रश्न पुरले.

आधुनिक वैद्यकात हा विषय फ्रान्समध्ये उभा राहिला. पिएर जाने यांनी १८८९ साली मनाच्या आपोआप चालणाऱ्या व्यापारांवर ग्रंथ लिहिला. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्यांनी एका तरुणीचा अभ्यास केला, तिला त्यांनी इरेन हे नाव दिले. तिने क्षयाने आजारी आईची सुमारे साठ रात्री जागून सेवा केली होती. आई गेली, पण आई गेल्याची आठवण तिला नव्हती. लोक म्हणतात म्हणून गेली असेल, असे ती म्हणे. मात्र कधी कधी रिकाम्या पलंगासमोर येताच ती रात्र तिच्या अंगातून पुन्हा घडे. पेला ओठांना लावणे, घसरणारे शरीर सावरणे, सगळे हुबेहूब. नंतर विचारावे तर काही नाही. जाने यांचे म्हणणे असे की आठवण ही सांगण्याची क्रिया आहे. घडलेले आपल्या आयुष्याच्या कहाणीत बसवले की ते आठवण होते. न पेलणारा आघात असा बसत नाही. तो बाजूला पडतो आणि शरीराच्या हालचालींतून परत येतो. या तुटण्याला इंग्रजीत डिसोसिएशन म्हणतात. आपण साध्या मराठीत 'मन बाजूला होणे' म्हणू.

ही गोष्ट पॅरिसच्या बायकांपुरती आहे असे कोणाला वाटत असेल, तर पहिल्या महायुद्धाने तो समज मोडला. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिकत छापली. तोफांच्या माऱ्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव यांत बिघाड झाला होता. 'शेल शॉक' हा शब्द त्या लेखाने वैद्यकात आणला. मायर्स यांनी १९४० मध्ये आपल्या अनुभवांचे पुस्तक केले. अशा सैनिकात जणू दोन माणसे असतात, असे निरीक्षण त्यात आहे. एक वरवर नेहमीसारखा दिसणारा, जेवणारा, कामे करणारा, पण घडलेले न आठवणारा. दुसरा त्या घटनेतच अडकलेला. नानीचे तांदूळ निवडणारे हात आणि कुठेतरी लागलेली नजर आठवून हे वाचताना आम्ही थांबलो.

या युद्धाचा आपल्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये लढलेली सहावी डिव्हिजन ही पुणे डिव्हिजन म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांनाही भरती करत. कुत-अल-अमारा येथे हे सैन्य वेढ्यात सापडले. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. वाळवंटातून त्यांची पायपीट झाली, कित्येकांना रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले गेले, हजारो परत आले नाहीत. आपल्याकडच्या अनेक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. दोन आकडे. वजाबाकी केली की परत आलेल्यांचा आकडा निघतो. तो आकडा शरीरांचा असतो. रात्री उठून उंबऱ्यावर बसणाऱ्या, हाक मारली तर 'ओ' न देणाऱ्या परत आलेल्या शिपायासाठी त्या पाटीवर रकाना नाही.

युद्धाच्या सैनिकाला निदान पाटी मिळाली. १९४७ च्या फाळणीतल्या बायकांना तीही मिळाली नाही. सआदत हसन मंटो यांची 'खोल दो' ही १९४८ ची कथा आपल्या वाचकांना माहीत असेल. ती छापली म्हणून पाकिस्तानात 'नुकूश' हे मासिक सहा महिने बंद पाडले गेले. बेपत्ता झालेली सकीना शेवटी दवाखान्यात आणली जाते. डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो आणि तो शब्द ऐकून तिचे निर्जीव हात काय करतात, ते इथे लिहिण्याची गरज नाही. कथेवर अश्लीलतेचा आरोप झाला. परंतु जाने यांचे संशोधन शेजारी ठेवून वाचले तर मंटोने काय टिपले ते ध्यानात येते. मन तिथे नाही, शरीर मात्र शिकवलेला हुकूम पाळते आहे. अनेक दिवसांच्या अत्याचाराने असेच होते. मंटोने हे एका शब्दात आणि एका हालचालीत दाखवले. फाळणीतल्या बायकांच्या मुलाखतींवर आधारलेली उर्वशी बुटालिया यांची आणि रितू मेनन व कमला भसीन यांची पुस्तके यायला १९९८ साल उजाडले, म्हणजे पन्नास वर्षे जावी लागली.

दरम्यान वैद्यकाची पावलेही हळूहळू पडत होती. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या प्रश्नांमुळे १९८० साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आघातोत्तर तणावाचा आजार नोंदला गेला. पण ती व्याख्या मुख्यतः एका भयंकर घटनेभोवती उभी होती. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ साली वेगळा मुद्दा मांडला. युद्धकैदी, घरात वर्षानुवर्षे मार खाणारी बायको आणि घरातच छळले जाणारे मूल, या तिघांची अवस्था एकसारखी असते. तिघेही दुसऱ्याच्या ताब्यात असतात आणि तिघांनाही पळता येत नाही. अशा दीर्घ, पुन्हा पुन्हा होणाऱ्या आघाताच्या परिणामांना त्यांनी वेगळे नाव सुचवले, त्याला आपण 'गुंतागुंतीचा आघात' म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत हे निदान स्वतंत्रपणे आले. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. म्हणजे नानीच्या अवस्थेला जगाने अधिकृत नाव दिले, ते ती गेल्यानंतर तेरा वर्षांनी.

हे घडते कसे, तेही समजून घेतले पाहिजे. संकट आले की शरीर लढते किंवा पळते. दोन्ही वाटा बंद असतील तर ते गोठते आणि मन बाजूला होते. मार चालू असतो, पण तो 'दुसऱ्या कोणाला' बसतो आहे असे वाटते. आवाज लांबून येतात. त्या क्षणी ही मोठी सोय असते, तिच्यामुळे माणूस जगतो. पण रोज वापरलेली सोय सवय होते. मग धोका नसतानाही, बाक आपटल्याच्या आवाजाने, विशिष्ट वासाने, चढलेल्या आवाजाने मन आपोआप बाजूला होते. आठवणीचेही तसेच. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग घटना कुठे, कधी, कशानंतर घडली याची जुळणी करतो. अमिग्डाला नावाचा भाग भीतीची खूण उमटवतो. अतोनात ताणात जुळणीचे काम ढासळते, भीतीची खूण मात्र खोल उमटते. म्हणून पाण्याचा वास, कडीचा आवाज स्पष्ट आठवतो, पण साल, वार, आधी-नंतर हे जुळत नाही. माळेचे मणी असतात, दोरा नसतो. आणि जे शिकताना मन बाजूला होते, ते तर मेंदूत नीट शिरलेलेच नसते. कोऱ्या उत्तरपत्रिकेचे एक कारण हे असू शकते.

आता 'कधी?' या प्रश्नाकडे पाहा. शिक्षक तो विचारतो, पोलीस विचारतो, वकील विचारतो, जमातीची बैठक विचारते. तुटलेल्या आठवणीला नेमका हाच प्रश्न पेलत नाही. तीन वेळा विचारले की तीन उत्तरे येतात आणि तफावत हा खोटेपणाचा पुरावा ठरतो. नानीने अंगठा दिलाही असेल. तो देताना ती मनाने तिथे नसेलही. कोंडलेल्या खोलीत बसून माहेरी गेल्याचे तिच्या मनाने पाहिले असेल. तिच्या तिन्ही उत्तरांत तिच्या परीने खरेपण असू शकते, ही शक्यता त्या बैठकीत कोणाच्या मनात आली नाही. ज्याने मारले त्याची आठवण मात्र सरळ, सालवार आणि ठाम होती. ठाम बोलणारा सच्चा ठरतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच साक्ष अन्यायामुळे कमकुवत होते, आणि त्याच कमकुवतपणावर बोट ठेवून त्याला पुन्हा हरवले जाते. या दुहेरी अन्यायासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

याचा अर्थ तुटक सांगणाऱ्याचे सगळेच डोळे मिटून खरे मानावे, असा नाही. आठवण बाहेरून घडवताही येते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहानपणी बाजारात हरवल्याची न घडलेली हकिकत काही प्रौढांना स्वतःची म्हणून 'आठवली'. म्हणून खोदून खोदून विचारणे, 'असेच झाले ना?' म्हणून शब्द तोंडात घालणे, हे दोन्ही घातक. मार्ग आपल्या जुन्या विद्वानांनी दाखवला तोच आहे. माणसाला खोटे ठरवू नका आणि शब्द बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहा. नानीच्या 'दोन पाण्यां'चा पुरावा धरणाच्या इतिहासात होता. कोणी ताडून पाहिला नाही, एवढेच.

आपल्या वस्त्यांत अशा अवस्थेला 'हवा लागली', 'आसेब आहे', 'अंगात येते' असे म्हणतात. आम्ही त्याची टिंगल करणार नाही. दर्ग्याच्या ओट्यावर बसून कित्येक बायकांना आयुष्यात पहिल्यांदा मोकळे रडायला मिळते. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, हेही विसरता येत नाही. त्या मानाने गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात सुरू झालेला 'दवा आणि दुआ' हा उपक्रम समजूतदार वाटतो. दुआ मागायला आलेल्यांना तिथेच डॉक्टरही भेटतो. दोन्हींत भांडण लावण्याची गरज नाही. साखळी आणि छडी मात्र दोन्हींत बसत नाही.

आम्ही त्या मुलीच्या खालाला बोलावले. शेरा आमचा चुकला, असे आधी सांगितले. मग हळूहळू समजले. आधीच्या घरी आईवर हात उचलला जाई, ही दाराआड उभी असे, आणि नंतर तिच्यावरही पाळी येई. आम्ही डॉक्टर नाही. त्यामुळे पहिला सल्ला हाच दिला की डॉक्टरांना दाखवा, कारण मूल असे क्षणभर हरवते तेव्हा ती अपस्माराची म्हणजे फिट्सचीही एक जात असू शकते आणि तिचे औषध वेगळे असते. तसे काही निघाले नाही. मग पुण्याला समुपदेशन सुरू झाले. उपचारात पहिली पायरी सुरक्षितता, आठवणी उकरणे नव्हे, असे हर्मन सांगतात. वर्गात आम्हाला जमले ते इतकेच : तिची जागा दाराजवळ, जिथून सगळे दिसेल. मागून येऊन हाक मारायची नाही. ती 'गेली' की ओरडायचे नाही, हळू आवाजात नाव घ्यायचे, आज वार कोणता, खिडकीबाहेर काय दिसते, असे विचारायचे. बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचा. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांच्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

वर्ष संपता संपता ती पुष्कळ वेळ वर्गात 'राहू' लागली. सगळे बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. एके दिवशी परिसर-इतिहासाच्या तासाला मुलांनी आपापल्या घरातल्या वृद्धांच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. तिने विचारले, "टीचर, जिसको याद नै आता, उसका इतिहास कैसे लिखते?" आम्ही फळ्याकडे वळलो. काळरेषा काढली, पण या वेळी मध्ये मोकळी जागा सोडली आणि दोन्ही बाजूंना ठिपके दिले. डावीकडे १९६१, उजवीकडे १९७२. वर्गाला नानीची गोष्ट सांगितली. मुलांपैकी कोणी हसले नाही.

उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी उतरले की वेळवंडीच्या पात्रातले कांबरेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असते. मे महिन्यात लोक मुद्दाम बघायला जातात, गाळातून वाट काढत, जपून पावले टाकत. आम्हीही गेल्या वर्षी गेलो. येताना पानशेतच्या काठाने आलो. पाणी खाली गेले होते, पण नानीचे गाव दिसण्याइतके नाही. काठावर थोडा वेळ उभे राहून नानीसाठी फातिहा पढली आणि तिची माफी मागितली. तिला कधी, हे आम्ही पुन्हा विचारणार नव्हतो.